उघड्या दाराची प्रार्थना : पंडिता रमाबाईंची श्रद्धा आणि समाजाचा रोष

पुणे : १८९३ च्या ऑगस्ट महिन्यात पुण्यातील शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर बाहेर पडले. दोघेही प्रार्थना समाजाचे, दोघेही स्त्रीशिक्षणाचे आणि विधवाविवाहाचे खंदे पुरस्कर्ते. सनातन्यांच्या विरोधाची पंडिता रमाबाईंना सवय होती. आता सुधारकांचा आधारही निघून गेला. पालकांनी आपापल्या मुली घरी नेल्या, वर्तमानपत्रांनी सदन बुडाल्याचे भाकीत केले. रमाबाई त्या वेळी पस्तीस वर्षांच्या होत्या. माता, पिता, बहीण, भाऊ आणि पती यांपैकी कोणीही हयात नव्हते. बारा वर्षांची मुलगी मनोरमा आणि सदनात उरलेल्या मुली एवढाच त्यांचा संसार होता.

वादाचे निमित्त पाहू गेल्यास क्षुल्लक वाटते. रमाबाई रोज आपल्या खोलीत ख्रिस्ती पद्धतीने प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन आत येऊन बसत. मुलींना येऊ देऊ नये, निदान दार तरी लावून घ्यावे, अशी अपेक्षा होती. रमाबाईंनी दार लावले नाही. त्या उघड्या दारामागे त्यांचे निम्मे आयुष्य उभे होते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी तत्कालीन म्हैसूर संस्थानातील गंगामूळ येथे, सह्याद्रीच्या दाट अरण्यातील आश्रमात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडील चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे पंडित. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये हा दंडक मोडून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले. त्याबद्दल त्यांना धर्माधिकाऱ्यांपुढे उभे राहून शास्त्रांच्या आधारे आपली बाजू मांडावी लागली. विशेष म्हणजे अनंतशास्त्री सुधारक म्हणावे असे मुळीच नव्हते. व्रतवैकल्ये, तीर्थयात्रा, दानधर्म यांवर त्यांची अढळ निष्ठा होती, आणि त्या निष्ठेपायीच घरची चांगली मालमत्ता संपली. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने आश्रम सोडला. त्यांना वेताच्या टोपलीत घालून नेण्यात आले आणि पुढली सोळा वर्षे त्यांचे घर म्हणजे रस्ता, धर्मशाळा आणि देवळाचे आवार हेच राहिले. पुराण सांगावे, मिळालेल्या दक्षिणेतून दानधर्म करावा आणि पुढल्या क्षेत्राला निघावे, असा क्रम होता. आईने वाटचालीत मुलीला संस्कृत शिकवले. भागवताचे हजारो श्लोक तिला मुखोद्गत झाले.

मद्रास इलाख्यातील दुष्काळाने या कुटुंबाचा घास घेतला. तिरुपतीजवळच्या रानात ही सुशिक्षित, सोवळी माणसे पाने खाऊन दिवस काढीत होती. ब्राह्मणाने मोलमजुरी कशी करावी हा संकोच पोटातील आगीहूनही मोठा ठरला होता. १८७४ मध्ये वडील गेले, काही आठवड्यांतच आई आणि पाठोपाठ थोरली बहीण गेली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पुढे काही वर्षे अनवाणी हिंडत राहिली. उत्तरेपासून पूर्वेपर्यंत चार हजारांहून अधिक मैलांची ही पायपीट होती. ज्या देवांसाठी वडिलांनी सर्वस्व वाहिले ते देव हाकेला धावले नाहीत, ही जाणीव त्यांच्या मनात याच काळात रुजली. त्यांच्या धर्मांतराचा इतिहास अनेक जण इंग्लंडपासून सुरू करतात. तो खरे तर या दुष्काळातच सुरू होतो.

१८७८ मध्ये भावंडे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची अविवाहित मुलगी अस्खलित संस्कृतात व्याख्यान देते, हे पाहून विद्वान मंडळी थक्क झाली. परीक्षा घेऊन त्यांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पडदानशीन स्त्रियांपुढे धर्मशास्त्रातील स्त्रीकर्तव्यांवर बोलण्यासाठी तिला ग्रंथ अभ्यासावे लागले आणि तेथेच पेच पडला. ग्रंथांमध्ये इतर बाबतींत शेकडो मतभेद होते. मात्र स्त्री आणि शूद्र यांना मोक्षाचा थेट अधिकार नाही, या एका मुद्द्यावर बहुतेकांचे एकमत आढळले. ब्राह्म समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी वेदाची प्रत हाती देऊन ती वाचण्यास सुचवले. स्त्रीने वेद वाचू नये हे बाळकडू मिळालेल्या रमाबाईंनी बऱ्याच विचारांती तो ग्रंथ उघडला.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. पती ब्राह्मणेतर, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. जातीने दोघांनाही वाळीत टाकले. आसामातील सिल्चर येथे पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका सापडली. बॅप्टिस्ट मिशनरी आयझॅक ॲलन त्यांना ख्रिस्ती धर्माविषयी समजावून सांगण्यास येऊ लागले. पत्नी जाहीरपणे ख्रिस्ती व्हावी हे मेधावी यांना रुचले नाही. घरात हा विषय मिटण्याआधीच ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने मेधावी यांचे निधन झाले. रमाबाई तेवीस वर्षांच्या होत्या. मनोरमेला अजून वर्षही पूर्ण झाले नव्हते.

त्या पुण्यास आल्या तेव्हा रानडे, भांडारकर आदी मंडळींनी त्यांचे मनापासून स्वागत केले. १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीती’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री डॉक्टर असण्याची निकड मांडली. स्वतः वैद्यकीय शिक्षण घ्यावे ही इच्छा त्यातूनच आली. पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा करून १८८३ मध्ये त्या लहानग्या मनोरमेसह आणि आनंदीबाई भगत या मैत्रिणीसह इंग्लंडला निघाल्या. ऑक्सफर्डजवळच्या वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्यांची राहण्याची सोय झाली. या संघाच्या भगिनींशी पुण्यातच त्यांचा परिचय झाला होता. बहिरेपणामुळे वैद्यकाचा मार्ग बंद झाला.

इंग्लंडला पोचून काही महिने होत नाहीत तोच आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. परक्या देशात आपल्याला बळाने बाटवतील या भीतीने त्यांच्या मनाचा तोल गेला होता. त्या धक्क्यातून सावरत असतानाच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. ही बातमी महाराष्ट्रात पोचताच जिव्हाळ्याचे रूपांतर संतापात झाले. काल ज्यांनी तिला सरस्वती म्हटले होते, त्यांच्या लेखी ती आज घरभेदी ठरली. महात्मा जोतीराव फुले यांनी मात्र ‘सत्सार’मधून तिची बाजू घेतली. शास्त्रे वाचलेल्या स्त्रीनेच शास्त्रांकडे पाठ फिरवावी, याचा अर्थ विरोधकांनी तपासावा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता.

रमाबाई परक्यांच्या प्रभावाखाली गेल्या, हा आक्षेप आजही अधूनमधून ऐकू येतो. वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचल्यास तो टिकत नाही. लंडनमध्ये पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांची या भगिनी ज्या मायेने सेवा करीत, ते पाहून रमाबाई ख्रिस्ताकडे ओढल्या गेल्या होत्या. शोमरोनी स्त्रीशी ख्रिस्त विहिरीपाशी बोलतो, हा प्रसंग त्यांच्या श्रद्धेचा पाया ठरला. पण श्रद्धा स्वीकारली म्हणून बुद्धी गहाण टाकावी, हे त्यांना मान्य नव्हते. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी उलट प्रश्न केले. क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असे विचारले. मांसाहार स्वीकारला नाही. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत होत्या. तेथे पुरुष विद्यार्थ्यांना भारतीय भाषा शिकवण्याची संधी त्यांना आली, तेव्हा मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी हरकत घेतली. स्त्रीने पुरुषांना शिकवणे भारतात वाईट दिसेल, हे त्यांचे कारण. ज्या बंधनातून सुटका म्हणून नवा धर्म जवळ केला, तेच बंधन पाद्रीही घालू पाहतात, हे रमाबाईंनी स्पष्ट शब्दांत कळवले. जेराल्डीनबाई त्यांना अहंकारी समजत. दोघींमध्ये खरे प्रेम होते, आणि तरीही ही पत्रे वाचताना पदोपदी ठिणग्या उडतात.

१८८६ च्या आरंभी त्या अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फियात ११ मार्च रोजी त्यांच्या दूरच्या नातलग आनंदीबाई जोशी यांना वैद्यकीय पदवी मिळाली, त्या समारंभास रमाबाई हजर होत्या. एक ख्रिस्ती झालेली आणि दुसरी हिंदू राहण्याचा निर्धार सांगून आलेली अशा या दोन मराठी स्त्रिया त्या सभागृहात एकत्र होत्या, आणि त्यांच्या स्नेहात धर्म आडवा आला नाही. पुढे दोन वर्षे रमाबाईंनी अमेरिकाभर व्याख्याने दिली, बालशिक्षणाच्या फ्रोबेल पद्धतीचा अभ्यास केला आणि १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षअखेर बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. विधवांच्या निवासी शाळेसाठी दहा वर्षे आर्थिक साहाय्य देण्याचे तिने मान्य केले. शाळेत धर्मप्रचार होणार नाही, ही अट होती.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई ही बालविधवा होती. त्याच वर्षाअखेर मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनास प्रतिनिधी म्हणून उपस्थित राहिलेल्या मोजक्या स्त्रियांत रमाबाई होत्या. विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्या जाहीरपणे बोलल्या. पुढल्या वर्षी सदन पुण्यास हलले. मुलींचे सोवळेओवळे, जेवणाखाण्याचे नियम, देवपूजा यांत कोणी ढवळाढवळ करीत नसे. पण बायबलही ग्रंथालयात होते, गीताही होती; आणि रमाबाईंच्या खोलीचे दार उघडे होते.

‘केसरी’तून लोकमान्य टिळकांनी सदनावर सातत्याने टीका केली. शिक्षणाच्या आवरणाखाली हे मिशनचेच काम आहे, असा त्यांचा आरोप होता. टिळकांची शंका अगदीच निराधार होती असे म्हणता येत नाही. सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याच्या वार्ता अमेरिकेतील ख्रिस्ती पत्रांनी उत्साहाने छापल्या होत्या, आणि त्याच टीकाकारांच्या हाती पडल्या. दुसऱ्या बाजूने, विधवेला दोन वेळचे अन्न, अक्षरओळख आणि सुरक्षित छप्पर देणारी दुसरी संस्था त्या वेळी पुण्यात उभी नव्हती, हेही खरे. तटस्थतेची अट ज्यांनी घातली त्यांना शाळा तटस्थ हवी होती. रमाबाईंनी त्या अटीचा अर्थ स्वतःचे तोंड बंद ठेवणे असा घेतला नाही. या दोन अर्थांमधील दरी संवादाने बुजण्यासारखी नव्हती. प्रस्तुत वार्ताहराच्या मते तो दोष एका बाजूचा नव्हता. रानडे यांची अडचण खरी होती आणि रमाबाईंचा आग्रहही खरा होता.

गोदूबाईंचे पुढे काय झाले, हे येथे सांगितले पाहिजे. मार्च १८९३ मध्ये त्यांचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. त्या हिंदूच राहिल्या. शारदा सदनाच्या अनुभवाची पार्श्वभूमी असताना कर्वे यांनी १८९६ मध्ये हिंदू विधवांसाठी आश्रम काढला. स्त्रीशिक्षणाच्या मोठ्या परंपरेचा उगम तेथे झाला. रमाबाईंच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एकीचा संसार असा त्यांच्या प्रतिस्पर्धी ठरलेल्या संस्थेशी जोडला गेला, याबद्दल त्यांनी कडवटपणा धरला नाही.

१८९१ च्या सुमारास त्यांच्या अंतर्मनातही एक वळण आले होते. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त अजून आपल्याला गवसला नाही, असे त्यांना वाटू लागले. बुद्धीने पटलेले मत आणि जगण्याचा आधार यांत फरक असतो, हे त्यांच्या ध्यानात आले. १८९३ चा बहिष्कार त्यांनी ज्या शांतपणे सोसला त्याचे मूळ या बदलात आहे. १८९५ मध्ये सदनातील काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला आणि गदारोळ पुन्हा उसळला. पुण्यातील प्रतिष्ठित घरांशी असलेला त्यांचा संबंध त्यानंतर जवळजवळ संपला.

असोसिएशनचे दहा वर्षांचे साहाय्य संपल्यावर सदनाने कोणापुढे हात पसरू नये, म्हणून त्यांनी पुण्यापासून सुमारे ५५ किलोमीटर अंतरावर केडगाव येथे जमीन घेऊन फळबाग लावली होती. १८९६ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बावीस वर्षांपूर्वी तिरुपतीच्या रानात सोसलेली भूक रमाबाई विसरल्या नव्हत्या. त्या स्वतः तेथे गेल्या. निराधार मुलींना फूस लावून नेणारे दलाल दुष्काळी छावण्यांभोवती घिरट्या घालीत होते. रमाबाईंनी शेकडो मुली गोळा करून आणल्या. पण पुण्यात प्लेगची साथ सुरू असल्याने अधिकाऱ्यांनी नव्या मुलींना शहरात ठेवू दिले नाही. तेव्हा केडगावच्या बागेतच तंबू आणि गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. सदनातील थोरल्या मुली नव्यांना न्हाऊ घालू लागल्या, त्यांच्या जखमा धुऊ लागल्या, त्यांना अक्षरे शिकवू लागल्या. या वस्तीचे नाव मुक्ती.

आता विद्यार्थिनी उच्चवर्णीय विधवा राहिल्या नव्हत्या. सर्व जातींच्या, गावोगावच्या, बहुधा निरक्षर मुली होत्या. शिवाय हे कार्य असोसिएशनच्या अटींबाहेरचे, उघडपणे ख्रिस्ती होते. समाजात त्यावर पुन्हा टीका झाली खरी, पण पूर्वीइतकी तीव्र नाही. उच्चवर्णीय घरातील मुलगी बाटते म्हणून पेटलेले शहर दुष्काळात बेवारस झालेल्या मुलींसाठी तितके पेटले नाही, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

त्याच १८९७ मध्ये रमाबाईंनी ब्रिटिश सरकारलाही दुखावले. प्लेगच्या रुग्णालयांत आणि विलगीकरण छावण्यांत स्त्रियांची होणारी हेळसांड त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून चव्हाट्यावर मांडली. त्यांच्या सदनातील एका मुलीला रुग्णालयात नेल्यानंतर जे घडले, त्याचा संताप त्या लेखनामागे होता. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने आरोप फेटाळले. प्रकरण ब्रिटिश संसदेपर्यंत गेले. धर्म राज्यकर्त्यांचा म्हणून राज्यकर्त्यांपुढे मान झुकवावी, असे त्यांना कधीच वाटले नाही.

१९०० मधील गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीतील वस्ती दोन हजारांच्या आसपास पोचली. एवढ्या जणींना पोसायचे तर हाताला काम हवे. शेती, विहिरी, विणकाम, दुग्धालय, तेलाचा घाणा, बेकरी, छापखाना अशी सारी कामे स्त्रिया स्वतः करीत. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. अंध मुलींसाठी वेगळी सोय झाली. मनोरमेने अमेरिकेत ब्रेल लिपी आत्मसात केली होती, ती तिने त्यांना शिकवली. सुंदराबाई पोवार आणि अमेरिकन मिशनरी मिनी एब्रम्स यांची साथ रमाबाईंना लाभली. १९०५ मध्ये मुक्तीत आध्यात्मिक जागृतीची लाट आली. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, पापांची कबुली देत. हा प्रकार अनेक मिशनऱ्यांनाही रुचला नाही. रमाबाईंनी आपल्या मुलींची पाठराखण केली. भारतीय स्त्रीने इंग्रजी शिस्तीतच देवाची आळवणी का करावी, हा त्यांचा जुनाच प्रश्न होता.

उत्तरायुष्यातील त्यांचे सर्वांत कष्टाचे कार्य लोकांच्या नजरेआड घडले. प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर आहे आणि मुक्तीत आलेल्या खेड्यातील बाईला ती कळत नाही, असे त्यांचे मत होते. स्वतः संस्कृतपंडित असलेल्या स्त्रीने हे म्हणावे, यात त्यांचा प्रवास दिसतो. मूळ ग्रंथावरून भाषांतर करण्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सुमारे दीड दशक त्या कामात गढून गेल्या. मुक्तीतील मुली खिळे जुळवीत, मुद्रिते तपासण्यात हातभार लावीत आणि यंत्रे चालवीत. ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते, प्रकृती खालावली होती. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले.

मनोरमा आईची वारस मानली जात होती. पदवी घेऊन ती मुक्तीत परतली होती आणि गुलबर्गा येथील शाळेचे काम तिने उभे केले होते. जुलै १९२१ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तिचे निधन झाले. ज्या कुटुंबातील पाच जणांच्या मृत्यूंनी रमाबाईंच्या तारुण्याची सुरुवात झाली होती, त्याचा शेवटचा दुवाही तुटला. त्या पुन्हा भाषांतराच्या मुद्रितांकडे वळल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंनी देह ठेवला. त्यांच्या भाषांतराचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, दुष्काळातून वाचलेल्या बायकांच्या हातांनी झाली.